‘पाच वेळा खासदार’ म्हणजे नेमकी किती वर्षं?

जून २०२४ मध्ये अठरावी लोकसभा भरायच्या आधीच एक वाद पेटला होता. हंगामी अध्यक्ष कोणाला करायचं? हंगामी अध्यक्ष म्हणजे नव्या खासदारांना शपथ देणारा आणि कायमचा अध्यक्ष निवडला जाईपर्यंत खुर्ची सांभाळणारा सदस्य. सभागृहातल्या सगळ्यात जुन्या खासदाराला हा मान द्यायचा, असा रिवाज. केरळचे कोडिकुन्नील सुरेश आठव्यांदा निवडून आले होते, ओडिशातल्या कटकचे भर्तृहरी महताब सातव्यांदा. मान मिळाला महताबांना. काँग्रेस म्हणाली, आठ मोठे की सात? सरकार म्हणालं, सुरेश मध्ये दोनदा पडलेत, महताब १९९८ पासून सलग आहेत.

ही बातमी आमच्या पेठेतल्या कट्ट्यावर आली आणि दिल्ली बाजूला राहिली. विषय सुरू झाला कोल्हापूरचा. आपल्याकडं सगळ्यात जुना खासदार कोण? एकानं उदयसिंगराव गायकवाडांचं नाव घेतलं, दुसऱ्यानं बाळासाहेब मानेंचं, तिसरा सदाशिवराव मंडलिकांवर अडून बसला. “पाच वेळा निवडून आलं म्हंजे पंचवीस वर्सं झाली की मर्दा, त्यात काय हिशेब करायचा?” असं एकजण म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

हिशेब मात्र करायलाच हवा. कारण पाच वेळा म्हणजे पंचवीस वर्षं नव्हेत. आपल्या जिल्ह्यात तरी कोणाचीच झाली नाहीत.

हंगाम पाच, पण दिवस किती?

साखर कारखान्याच्या भाषेत सांगतो, म्हणजे चटकन कळेल. एखादा कारखाना सांगतो, “आम्ही पाच गळीत हंगाम पूर्ण केले.” आपण लगेच विचारतो, हंगाम किती दिवसांचे? ऊस भरपूर असला तर बॉयलर पाच महिने पेटता राहतो, ऊस संपला तर दोन महिन्यांत पट्टा पडतो. कागदावर दोन्ही हंगाम एकेकच.

लोकसभेचंही तसंच आहे. राज्यघटना सांगते की पहिल्या बैठकीपासून पाच वर्षं पूर्ण झाली की लोकसभा आपोआप संपते. ही जास्तीत जास्त मुदत झाली. त्याआधी राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं ती मोडू शकतात. याला विसर्जन म्हणतात. विसर्जन झालं की सगळ्यांची खासदारकी त्याच दिवशी संपते, मग निवडून येऊन तेरा महिने झालेले असोत नाहीतर चार वर्षं.

आता आपले तिघे घेऊ. उदयसिंगराव गायकवाड कोल्हापुरातून १९८०, १९८४, १९८९, १९९१ आणि १९९६ असे सलग पाच वेळा निवडून आले. यातली १९८९ ची लोकसभा मार्च १९९१ मध्ये मोडली, म्हणजे सव्वा वर्षाच्या आसपास चालली. १९९६ ची डिसेंबर १९९७ मध्ये मोडली, दीड वर्षाच्या थोडी पुढं गेली एवढंच. पाचही लोकसभांच्या तारखा मांडून बेरीज केली तर साधारण साडेसतरा वर्षं होतात.

बाळासाहेब माने इचलकरंजी मतदारसंघातून १९७७ पासून १९९१ पर्यंत तेवढ्याच, म्हणजे पाच वेळा आले. त्यांच्या वाट्याला १९७७ ची अडीच वर्षांच्या आत मोडलेली लोकसभा आली आणि १९८९ ची तीच अर्धवट लोकसभाही आली. बेरीज साडेअठराच्या जवळ. दोघेही ‘पाच वेळा’, पण एक वर्षाचा फरक.

खरी गंमत मंडलिकांची. ते चार वेळा खासदार झाले: १९९८, १९९९, २००४ आणि २००९. पहिली खेप तेरा महिन्यांची. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं पडलं आणि नऊ दिवसांत लोकसभा मोडली. तिसरी-चौथी खेप मात्र पूर्ण पाच-पाच वर्षांची. एकूण साडेपंधरा वर्षं भरतात. म्हणजे चार वेळा आणि पाच वेळा यांच्यातला फरक पाच वर्षांचा नाही, दोन-तीन वर्षांचा आहे. कट्ट्यावर हे सांगितल्यावर मंडलिकांची बाजू घेणाऱ्या गड्यानं त्या दिवशीचा चहा पाजला.

उलटंही घडलंय. १९७१ ची लोकसभा आणीबाणीत मुदत वाढवून वाढवून जवळपास सहा वर्षं चालवली. आणीबाणीत संसदेला एका वेळी एक वर्ष मुदत वाढवता येते, अशी तरतूद घटनेत आहे. त्यावेळचे खासदार एकदा निवडून येऊन सहा वर्षांचे धनी झाले.

मग विक्रम कोणाचा?

लोकसभेत सगळ्यात जास्त वेळा निवडून येण्याचा मान बंगालचे कम्युनिस्ट नेते इंद्रजित गुप्ता यांच्याकडं आहे: अकरा वेळा. १९७७ ची निवडणूक हरले, एरवी १९६० पासून शेवटपर्यंत सभागृहात. महाराष्ट्रातलं नाव घ्यायचं तर नंदुरबारचे माणिकराव गावित. सलग नऊ वेळा. गावितांचं नाव आपल्याकडं, पश्चिम महाराष्ट्रात, फारसं कोणी घेत नाही याचं मला नेहमी नवल वाटतं. २००९ मध्ये हंगामी अध्यक्षपदाचा तो मान त्यांनाच मिळाला होता. २०१४ मध्ये मात्र नंदुरबारकरांनी त्यांना घरी बसवलं.

राज्यसभेचा हिशेब वेगळाच. ती कधी मोडत नाही. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, प्रत्येकाला सहा वर्षं मिळतात. तिथली एक खेप म्हणजे लोकसभेतल्या सव्वा खेपेएवढी. धनंजय महाडिक २०१४ ला कोल्हापुरातून लोकसभेवर गेले, २०१९ ला हरले आणि २०२२ ला राज्यसभेवर गेले. संभाजीराजे छत्रपती २०१६ ते २०२२ राज्यसभेत होते, तेही राष्ट्रपतींनी नेमलेले सदस्य म्हणून. दोघांनाही आपण ‘खासदार’च म्हणतो. पण एकाला आमदारांनी निवडलं आणि दुसऱ्याला कोणी मतच दिलं नाही. असे बारा नेमलेले सदस्य राज्यसभेत असू शकतात. राहिला तो हंगामी अध्यक्षाचा प्रश्न: जुन्याला मान द्यायचा, हा नुसता रिवाज आहे. नेमणूक राष्ट्रपती करतात आणि ‘जुना’ कोणाला म्हणायचं हे घटनेत लिहिलेलंच नाही. म्हणून सात आणि आठ, दोघांचंही म्हणणं बरोबर ठरू शकतं.

पक्ष बदलला तर खासदारकी जात नाही का?

हा प्रश्न मंडलिकांच्या बाबतीत हटकून येतो. १९९८ ला काँग्रेस, १९९९ आणि २००४ ला राष्ट्रवादी, २००९ ला अपक्ष. चार निवडणुका, तीन झेंडे. मग पक्षांतरबंदी कायदा झोपला होता का?

कायदा जागाच होता. १९८५ मध्ये आलेला हा कायदा दोन गोष्टींवर बोट ठेवतो. ज्या पक्षाच्या चिन्हावर निवडून आलात तो स्वतःहून सोडलात, किंवा पक्षाचा व्हिप मोडून मत दिलंत, तर सदस्यत्व जातं. व्हिप म्हणजे मतदान कसं करायचं याचा पक्षाचा लेखी हुकूम. तालमीत वस्ताद सांगतो, “आज तू ह्याच्याशी लढायचं.” पैलवानाचं मन असो नसो, लढावं लागतं. नाहीतर तालीम सोडायची.

पण तालीम सोडली तर पैलवानकी जात नाही, इथं मात्र खासदारकी जाते. म्हणून शहाणा नेता तालीम कधी सोडतो? मैदान भरलेलं नसताना. मंडलिकांनी दोन्ही वेळा हेच केलं. १९९९ च्या एप्रिलमध्ये लोकसभा मोडली. १० जूनला राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली. त्यावेळी देशात कोणीच लोकसभेचा खासदार नव्हता, मग पक्षांतर कोणाचं धरणार? २००९ ला राष्ट्रवादीशी बिनसलं आणि ते थेट निवडणुकीतच अपक्ष उतरले. सत्तरी ओलांडलेली, समोर राष्ट्रवादीचे संभाजीराजे, आणि हातात कुठल्याच पक्षाचं चिन्ह नाही. तरी आले. कोल्हापूरच्या राजकारणात आजही त्या निकालाची आठवण काढली की दोन गट पडतात.

निवडून आल्यावर अपक्षाची गोची वेगळी असते. त्याला व्हिप नाही, म्हणजे मत द्यायला मोकळा. पण निवडून आल्यानंतर तो एखाद्या पक्षात रीतसर गेला तर त्याचीही खासदारकी जाते. लोकांनी अपक्ष म्हणून पाठवलं, अपक्षच राहा, असा कायद्याचा रोख. म्हणून मंडलिकांनी पुढं काँग्रेसला साथ दिली, तरी लोकसभेच्या दप्तरात ते अपक्षच राहिले.

“मग २०२२ ला काय झालं?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. शिवसेनेच्या महाराष्ट्रातल्या १८ लोकसभा खासदारांपैकी १२ एकनाथ शिंदेंसोबत गेले. त्यात कोल्हापूरचे संजय मंडलिक आणि हातकणंगल्याचे धैर्यशील माने दोघेही होते. कायद्यात एक पळवाट आहे: दोन तृतीयांश सदस्य दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर कोणाचंच सदस्यत्व जात नाही. आधी एक तृतीयांश फुटले तरी चालायचं, ती सवलत २००३ मध्ये काढून टाकली. शिंदे गटानं मात्र विलीनीकरण केलंच नाही. त्यांचं म्हणणं, आम्हीच खरी शिवसेना. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगानं नाव आणि चिन्ह त्यांना दिलं. हे योग्य की अयोग्य, यावर इथं लिहायला बसलो तर लेख संपायचा नाही.

इतकी वर्षं खासदार, तरी रस्त्यात खड्डे का?

हा सगळ्यात रास्त वाटणारा आणि सगळ्यात चुकीच्या दारात विचारला जाणारा प्रश्न. शहरातला रस्ता, गटार, पाणी, कचरा महापालिकेकडं. पोलीस, शेती, सिंचन, दवाखाने राज्य सरकारकडं. रेल्वे, टपाल, बँका, संरक्षण, राष्ट्रीय महामार्ग, विमानतळ केंद्राकडं. खासदाराचं शेत हे शेवटचं.

खासदाराला स्थानिक विकास निधी मिळतो, तो खरा. ही योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली आणि २०११ पासून रक्कम वर्षाला ५ कोटी आहे. ऐकायला घसघशीत. पण कोल्हापूर मतदारसंघात चंदगडपासून करवीरपर्यंत विधानसभेच्या सहा जागा येतात आणि मतदार आहेत १९ लाखांच्या आसपास. ५ कोटी भागिले १९ लाख केलं तर माणशी वर्षाला २६ रुपये पडतात. त्यात मिसळ येत नाही. शिवाय हा पैसा खासदाराच्या हातात पडत नाही. तो काम सुचवतो, मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासन करतं.

कोणता प्रश्न कोणाच्या दारात, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याकडंच आहे. मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ कोल्हापुरात व्हावं म्हणून वकिलांनी चाळीसहून जास्त वर्षं आंदोलन केलं. प्रत्येक लोकसभा निवडणुकीत हा मुद्दा आला, प्रत्येक उमेदवारानं शब्द दिला. पण १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यानुसार हा अधिकार उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींचा, तोही राज्यपालांच्या संमतीनं. संसदेत मतदान घेऊन होणारं हे काम नव्हतंच. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये मुख्य न्यायमूर्तींच्या अधिसूचनेनं सर्किट बेंच सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईची फेरी वाचली. खासदारांनी पाठपुरावा केला नाही असं नाही. पण पाठपुरावा करणं वेगळं आणि सही करणं वेगळं. प्रचारात हा फरक कोणी सांगत नाही, कारण सांगून मतं वाढत नाहीत.

उलट कोल्हापूर–वैभववाडी रेल्वेमार्ग किंवा उसाची एफआरपी हे प्रश्न खासदाराच्या दारातलेच. एफआरपी म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचाच असा किमान दर. तो केंद्र सरकार ठरवतं. इथं खासदाराला धारेवर धरा, बिनधास्त धरा.

मग दिल्लीत बसून करतात तरी काय?

इथं ‘उतारा’ बघावा लागतो. हंगाम किती आणि दिवस किती हे मोजून झालं, आता टनामागं साखर किती निघाली ते बघू.

सकाळी अकरा वाजता प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो. तारांकित प्रश्न म्हणजे ज्याला मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो. अतारांकित म्हणजे लेखी उत्तर. दिवसाला २० तारांकित प्रश्नच घेतले जातात आणि ते सोडतीनं निघतात. सभागृहात ५४३ जण. तासाभरात त्या विसांपैकीही चार-पाचच प्रश्न होतात. म्हणजे एखाद्या खासदाराचा तारांकित प्रश्न प्रत्यक्ष सभागृहात पुकारला जाणं हे भिशी लागण्यासारखं. त्यामुळं अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं हेच रोजचं हत्यार. तिथून सरकारकडून आकडे कबूल करून घेता येतात आणि तेच आकडे घेऊन पुढं भांडता येतं. याला बातमी मिळत नाही, पण काम इथं होतं.

दुसरं हत्यार खासगी विधेयक. मंत्री नसलेल्या सदस्यानं मांडलेला कायद्याचा मसुदा. शुक्रवारी दुपारी त्याला वेळ मिळतो, जेव्हा निम्मं सभागृह विमानतळाच्या वाटेवर असतं. स्वातंत्र्यापासून अशी १४ विधेयकं मंजूर झाली, शेवटचं १९७० मध्ये. त्यानंतर एकही नाही. हातकणंगल्याचे राजू शेट्टी यांनी २०१८ मध्ये अशी दोन विधेयकं मांडली: एक शेतकऱ्याच्या कर्जमुक्तीचं, दुसरं शेतमालाला रास्त हमीभावाचा हक्क देणारं. दोन्ही पुढं सरकली नाहीत आणि २०१९ मध्ये लोकसभा संपली तशी तीही संपली. लोकसभेत पडून राहिलेलं विधेयक लोकसभेबरोबरच मरतं. विसर्जनाचा फटका नुसता खासदाराच्या वर्षांना बसत नाही, त्याच्या कागदांनाही बसतो.

“मग मांडलीच कशाला?” असं कट्ट्यावर एकानं विचारलं. कारण एकदा सभागृहाच्या पटलावर आलेली गोष्ट इतिहासजमा होत नाही. पुढच्या आंदोलनाला तोच मसुदा हातात मिळतो. माझ्या मते शेट्टींच्या दहा वर्षांतलं सगळ्यात टिकाऊ काम ते दोन कागदच आहेत. उसाच्या दराची आंदोलनं गाजली खरी, पण ती दरवर्षी नव्यानं करावी लागतात.

तिसरी जागा म्हणजे संसदीय समित्या. बंद दाराआड वीस-तीस खासदार एखाद्या खात्याचा खर्च आणि विधेयकं तपासतात, सचिवांना समोर बसवून विचारतात. तिथं कॅमेरा नसतो म्हणून भाषणबाजी नसते. जुन्या खासदाराचा खरा उपयोग तिथं. कुठल्या नियमाखाली काय मागायचं, कुठला अधिकारी कुठं लपवतो, हे पहिल्या खेपेला कळत नाही.

पण इतकी वर्षं एकाच घरात राहिली, ते बरोबर आहे का?

आक्षेप रास्त आहे. बाळासाहेब मानेंनंतर सूनबाई निवेदिता माने १९९९ आणि २००४ ला निवडून आल्या, नातू धैर्यशील २०१९ आणि २०२४ ला. मंडलिकांचे चिरंजीव संजय २०१४ ला हरले, २०१९ ला जिंकले, २०२४ ला शाहू छत्रपतींकडून दीड लाखाहून जास्त मतांनी पडले. घराणं आहे, पण ती काही खात्रीची ठेव नाही. मतदार मोडतो, परत जोडतो.

मला घराण्यापेक्षा दुसरी गोष्ट खटकते. लांब कारकिर्दीचं भांडवल आपण वेळांवर मोजतो. बॅनरवर ‘चौथ्यांदा’, ‘पाचव्यांदा’ असं मोठ्या अक्षरात येतं. पण त्या साडेपंधरा किंवा साडेसतरा वर्षांत प्रश्न किती विचारले, समिती कोणती होती, किती दिवस हजर होते, हे कधीच येत नाही. ही माहिती लोकसभेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या नावानं फुकट मिळते. कट्ट्यावर आम्ही एकदा मोबाइलवर ती उघडली. पंधरा मिनिटं शांतता. मग एकजण म्हणाला, “ह्ये आधी कोन सांगिटलं न्हाई.”

बॅनरवर वेळा लिहितात, पण सरकारच्या पेन्शनच्या नियमात वेळांना जागा नाही. माजी खासदाराला महिन्याला ३१ हजार रुपये मिळतात, मग तो एकदा आलेला असो की नऊदा. पाच वर्षांच्या पुढच्या प्रत्येक वर्षाला त्यात अडीच हजार वाढतात. तिथं हंगाम कोणी विचारत नाही, दिवसच मोजतात.